परब सरांची उत्तरपत्रिका

परब सर नेमकं काय काम करायचे, हे मी माझ्या आईला कधीच नीट समजावू शकले नाही. तिच्या लेखी ते 'पेपर तपासणारे सर' होते. खरं सांगायचं तर तिचं फारसं चुकत नव्हतं.

आपल्या शरीरातलं प्रत्येक प्रथिन म्हणजे मण्यांची एक लांब माळ. ही माळ सरळ राहत नाही. वळ्या घालत, घड्या पाडत ती स्वतःभोवती गुंडाळली जाते, एक ठरावीक आकार घेते, आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. मण्यांचा क्रम कळणं सोपं, आकार कळणं महाकठीण. प्रथिनाचे स्फटिक वाढवायचे, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे, आणि इतकं करून हाती काय येतं, तर धुक्यासारखा एक नकाशा. त्या धुक्यात माळ बसवत बसायचं. एकेका प्रथिनात माणसाची वर्षं जातात. म्हणून लोक संगणकाला विचारत आले, की बाबा रे, नुसत्या क्रमावरून आकार सांगशील का? संगणक सांगतो, तोही अगदी ठामपणे. त्याचं सांगणं कितपत खरं, हे ठरवायला कुणीतरी लागतं. सर ते काम करायचे.

मी त्यांना भेटले तेव्हा ते सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन मुलुंडच्या आमच्या कॉलेजात आले होते. मागच्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत बसायचे. उंच, किंचित वाकलेले, खिशाला दोन पेन्सिली आणि हातात कायम तांब्याच्या तारेचा एखादा तुकडा. फोनवर बोलताना, मीटिंगमध्ये, चहा निवेपर्यंत ती तार वळत राहायची आणि बोलणं संपेस्तोवर कुठल्यातरी प्रथिनाचा सांगाडा टेबलावर उभा असायचा. वडील परळच्या गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर भांडुपला आले. सरांनी पुढे नाहूरला घर घेतलं. मूळ गाव कुडाळजवळ. आमच्याशी ते मुंबईचं रोखठोक मराठी बोलत, पण फार आनंद झाला किंवा फार लागलं, की मालवणी बाहेर यायची.

मी नुकतीच एम.एस्सी. होऊन तिथे लागले होते. सहा महिने खपून मी एक प्रोग्राम लिहिला होता आणि तो जवळजवळ प्रत्येक आकार बरोबर ओळखत होता. मी हवेत होते. सरांनी माझे रंगीत आलेख शांतपणे बघितले, झकास आलेत म्हणाले, आणि मग विचारलं, की याला शिकवलंस कशावर आणि याची परीक्षा घेतलीस कशावर. वेगवेगळ्या प्रथिनांवर, मी सांगितलं. त्यांनी दोन्ही याद्या मागून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी याद्या परत आल्या त्या पेन्सिलीच्या रेघांनी भरून. शिकवण्याच्या यादीतल्या एका नावापासून परीक्षेच्या यादीतल्या दुसऱ्या नावापर्यंत रेघ, आणि रेघेवर बारीक अक्षरात लिहिलेलं: मावसभाऊ. सख्खा भाऊ. चुलता. नावं वेगळी होती, पण घराणी एकच होती, आणि एका घराण्यातल्या प्रथिनांचे आकार सारखेच असतात. माझा प्रोग्राम काही ओळखत नव्हता, नुसता आठवत होता.

"ज्याला पेपर आधी दाखवलाय त्याचे मार्क मला सांगू नकोस," सर म्हणाले.

मी सगळे नातेवाईक काढून पुन्हा परीक्षा घेतली आणि माझ्या प्रोग्रामची वाट लागली. आता नोकरी जाते की राहते, या विचारात मी सरांच्या खोलीत गेले. ते चक्क खूश होते. आता खरं काय ते कळलं, आता कामाला लागता येईल, असं म्हणून त्यांनी मला समोर बसवलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्या प्रोग्रामच्या चुका एकेक करून, एखाद्याने फोटोंचा अल्बम बघावा तशा आवडीने बघितल्या. चुकीची लाज वाटायची माझी सवय त्या एका दुपारी बरीच कमी झाली.

दर हिवाळ्यात ते एक परीक्षा घेत. मुंबईतल्या दहा-बारा कॉलेजांचे गट त्यात उतरायचे. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांमधल्या मित्रांकडून सर असे आकार मिळवायचे, जे प्रयोगातून सापडलेत पण अजून प्रसिद्ध झालेले नाहीत. म्हणजे उत्तर जगात कुठेच उघडं नाही. मुलांना फक्त मण्यांचा क्रम द्यायचा. त्यांनी तीन आठवड्यांत आपापल्या पद्धतीने आकार सांगायचा. उत्तरं सरांच्या लोखंडी कपाटात, किल्ली त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्यात. आलेल्या उत्तरपत्रिकांवरची नावं काढून नुसते आकडे घालायचं काम माझं. कुठला आकडा कुणाचा, हे सरांना निकाल लागेपर्यंत माहीत नसायचं. एकदा एका बड्या प्राध्यापकांचा फोन आला, आमच्या गटाचं जरा बघा म्हणून. सर अत्यंत नम्रपणे म्हणाले, नक्की बघतो, पण तुमचा गट कुठला ते मला माहीत नाही आणि जिला माहीत आहे ती सांगत नाही. मग माझ्याकडे वळून, फोन कानाला तसाच धरून, मान हलवून खात्री करून घेतली की मी खरंच सांगणार नाहीये.

ही सवय घरीही होती. नाहूरच्या घरी मे महिन्यात गावाहून आंबे यायचे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, ते पलंगाखाली गवतात पसरायच्या, आणि सर प्रत्येक आंब्याखाली एक चिठ्ठी ठेवायचे: हा अमुक दिवशी पिकेल. वेगळ्या चिठ्ठीवर काकूंचा अंदाज. आंबा पिकला, की दोन्ही चिठ्ठ्या काढून बघायच्या. काकू दरवर्षी जिंकायच्या, कारण त्या आंब्याचा वास घ्यायच्या आणि सर नुसता रंग बघायचे. कुणी काही भाकीत केलं, मग ते निवडणुकीचं असो की पाहुण्यांच्या येण्याचं, त्यावर सरांचं एकच म्हणणं असायचं: "आधी लिहून दे, मग बघू."

त्यांच्यात एक खोट होती. जीभ. निकालाच्या दिवशी हॉलमध्ये ते प्रत्येक उत्तरपत्रिकेवरचा शेरा मोठ्याने वाचायचे, आणि शेरे लिहिताना त्यांना एक प्रकारचा चेव यायचा. एकाला त्यांनी लिहिलं होतं, 'हा आकार पाहून प्रथिनालाही आश्चर्य वाटेल.' लोक हसायचे. ज्याचा शेरा असेल तोही कसंनुसं हसायचा. मीसुद्धा हसायचे, हे इथे कबूल करायला हवं.

एका वर्षी एक मित्र ऐनवेळी मागे सरला आणि परीक्षेत एक प्रश्न कमी पडला. सरांनी त्याजागी स्वतःचं प्रथिन घातलं. मातीतल्या एका जिवाणूचं प्रथिन; नोकरीची शेवटची सहा वर्षं त्यांनी त्यावर घालवली होती आणि ते अजून प्रसिद्ध व्हायचं होतं. त्या प्रश्नात सात नंबरची उत्तरपत्रिका सगळ्यात खाली आली. बाकीचं ठीक होतं, पण मधला एक मोठा भाग सरांच्या उत्तराशी मुळीच जुळत नव्हता. सरांनी हॉलमध्ये वाचलं:

"या भागात उमेदवाराने कल्पनाशक्ती मुक्तपणे वापरली आहे."

हॉल हसला. निकालानंतर नावं उघडली तेव्हा सात नंबर निघाली जेनेट परेरा, अंधेरीच्या आंबोली गावठाणातली मुलगी, एकटीनेच उतरलेली. तिने बॅग उचलली आणि चहाला न थांबता निघून गेली. पुढच्या वर्षी ती आली नाही. आम्ही कुणी विचारलंही नाही.

मग काही वर्षांनी ते नवे प्रोग्राम आले. स्वतःच शिकणारे, लाखो आकार पचवलेले. ज्याला सहा वर्षं लागायची ते दुपारच्या जेवणाआधी व्हायला लागलं. कॉलेजात लोक सरांना गमतीने विचारायचे, आता तुमची परीक्षा बंद का. सर म्हणायचे, परीक्षार्थी हुशार झाला म्हणून परीक्षा बंद करतात काय? उलट आता ती अवघड काढायला हवी. त्यांनी मला जुन्या सगळ्या वर्षांचे प्रश्न नव्या प्रोग्रामला घालायला सांगितलं.

उत्तरं एकामागून एक बरोबर येत गेली. फक्त एका ठिकाणी अडलं, सरांच्या स्वतःच्या प्रथिनात. मधला मोठा भाग जुळेना. मी सरांना म्हटलं, चला, हाही चुकतो म्हणायचा. सरांच्या हातातली तार वळायची थांबली. मग त्यांनी विचारलं, की माझा आकार आता प्रसिद्ध आहे, म्हणजे याने शिकताना तो पाहिलेला असणार ना? असणार, मी म्हटलं.

"मग नीट विचार कर," ते म्हणाले. "ज्याच्याकडे उत्तरं आहेत, तो मुलगा कॉपी करतो. याच्याकडे माझं उत्तर होतं, तरी याने दुसरं लिहिलंय. का?"

पण प्रोग्राम म्हणतो म्हणून मान्य करणाऱ्यांतले ते नव्हते. प्रोग्रामलाही त्यांनी प्रयोगासमोर उभं केलं. जुन्या प्रयोगशाळेतून सीडी मागवल्या, त्यातल्या निम्म्या चालेनात. उरलेल्या सीडींवरून क्ष-किरणांची मूळ मोजमापं काढली आणि नवीन पद्धतीने तो धुक्याचा नकाशा पुन्हा तयार केला. नऊ दिवस त्यात गेले. दहाव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, त्यांनी मला बोलावून पडद्यासमोर बसवलं.

शर्टाचं वरचं एक बटण चुकीच्या काजात गेलं, की खालची सगळी एकेक घर सरकतात. शर्ट घातलेला दिसतो, पण एकही बटण आपल्या जागी नसतं. सरांच्या माळेचं तसं झालं होतं. जिथे नकाशा सगळ्यात धूसर होता तिथे त्यांनी एक मणी पुढे बसवला होता आणि तिथून पुढचा अख्खा भाग सरकला होता. नव्या नकाशात ते स्पष्ट दिसत होतं. त्यांनी माळ एका मण्याने मागे घेतली, आणि ती धुक्यात अलगद बसली.

"चूक माझीच गो," ते म्हणाले. "माका तेव्हाच दिसाक व्हया होता."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाले, सात नंबर काढ.

जुनी उत्तरपत्रिका मिळायला तासभर लागला. जेनेटचा आकार आम्ही नव्या नकाशावर ठेवला. सगळाच काही बरोबर नव्हता. टोकाला ती चुकलीच होती. पण मधल्या भागात, जिथे कल्पनाशक्तीचा शेरा होता, तिथे तिचा मणी न् मणी आपल्या जागी होता. तिच्या साध्याशा प्रोग्रामला ते सापडलं होतं, आणि सरांना सहा वर्षांत सापडलं नव्हतं. शेरा लिहिलेला कागद सर किती वेळ हातात धरून होते, मला सांगता येणार नाही.

विभागप्रमुखांनी सल्ला दिला, की प्रसिद्ध झालेला आकार गुपचूप बदलून टाका, असं होत असतं, कुणी वाचत नाही. त्यांचा हेतू चांगलाच होता. सरांनी मात्र चूक कुठे, कशी आणि का झाली याचं दोन पानी निवेदन लिहिलं, आणि त्यात लिहिलं, की हा भाग सर्वप्रथम जेनेट परेरा हिने बरोबर दाखवला होता व परीक्षकाने तो चुकीचा ठरवला. छापायला पाठवण्याआधी तिला विचारायला हवं, म्हणून तिच्या कॉलेजातल्या जुन्या बाईंकडून नंबर मिळवला.

एका रविवारी, ती चर्चमधून परत आली असेल अशा बेताने, आम्ही घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला गेलो. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. जेनेट आता एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होती. गावठाणातल्या बसक्या, कौलारू घराच्या स्वयंपाकघरात तिच्या आईने आम्हाला चहा आणि केक दिला. सरांनी लॅपटॉप उघडून तिला दोन्ही आकार दाखवले, काय घडलं ते सांगितलं, आणि माफी मागितली.

तिने दोन्ही आकार पडद्यावर फिरवून बघितले. मग म्हणाली, "त्या दिवशी घरी येऊन मी सगळं डिलीट केलं, सर. मला वाटलं, तुम्ही म्हणताय म्हणजे मीच चुकले."

तिने पडद्यावरची नजर सरांकडे वळवली.

"आणि तुम्ही बोललात ते हॉलमध्ये बोललात ना. सॉरी किचनमध्ये येऊन म्हणताय."

तिच्या आईने तिला दटावलं, मोठ्या माणसांशी असं बोलतात का म्हणून. सर म्हणाले, नाही, ती बरोबर बोलतेय. निवेदनात नाव घालायला तिने होकार दिला. परतताना त्यांनी एवढंच म्हटलं, की मुलगी परीक्षक आहे.

त्या हिवाळ्यात निकालाच्या दिवशी सर उभे राहिले आणि त्यांनी कुठलाही निकाल वाचण्याआधी ती जुनी उत्तरपत्रिका वाचली. शेऱ्यासकट. मग पडद्यावर स्वतःची चूक दाखवली, धुक्याचा नकाशा, सरकलेला मणी, सगळं. म्हणाले, या प्रश्नात शून्य मार्क परीक्षकाला. या वेळी कुणी हसलं नाही. जेनेट मागच्या रांगेत बसली होती. मला वाटलं ती उठून जाईल, पण ती चहाला थांबली, आणि सरांच्या समोर जाऊन तिने विचारलं, की प्रोग्राम 'माझी खात्री आहे' म्हणतो आणि तरी चुकतो, असं किती वेळा होतं ते तुम्ही मोजता का?

आम्ही मोजत नव्हतो. आकार किती बरोबर एवढंच बघत होतो. प्रोग्रामची खात्री किती खरी, हे कधी तपासलंच नव्हतं. आणि जो डॉक्टर किंवा औषध शोधणारा माणूस हे आकार वापरणार, त्याला तर नेमकं तेच हवं असतं: कुठे विश्वास ठेवू आणि कुठे नको. सरांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी तिला शनिवारी मुलुंडला बोलावलं. ती त्या शनिवारी आली, पुढच्याही आली, आणि वर्षभरात नोकरी सोडून आमच्याकडे पीएच.डी.ला लागली.

सरांनी परीक्षा तिच्या हवाली करायचं ठरवलं तेव्हा तिने एक अट घातली. उत्तर कपाटात जाण्याआधी ते दुसऱ्या कुणीतरी मूळ मोजमापांवरून तपासलेलं असलं पाहिजे, आणि जिथे नकाशा धूसर आहे तिथे कुणाचेच मार्क कापायचे नाहीत. सरांनी गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली तिच्या हातात दिली. शेरे लिहायचं त्यांनी त्याआधीच सोडलं होतं. तरी कधी कधी एखादी उत्तरपत्रिका बघताना त्यांचे ओठ हलायचे, आणि जेनेट वर न बघता म्हणायची, "सर, नको."

सर गेले त्याला आता दीड वर्ष होईल. आजारी वगैरे नव्हते. सकाळी काकू चहा घेऊन गेल्या, तेव्हा उठले नाहीत. त्याच्या तीन आठवडे आधी निकालाचा दिवस झाला होता, घाटकोपरच्या एका कॉलेजात. जेनेटने सगळं एकहाती सांभाळलं आणि सर शेवटच्या रांगेत बसून होते. कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघं चालत एलबीएस रोडपर्यंत आलो. त्यांच्या डोक्यात नवीनच काहीतरी चाललं होतं. काही प्रथिनांना एक असा आकारच नसतो. ती सारखी हलत, बदलत राहतात, आणि त्यांचं काम त्या हलण्यावरच चालतं. अशा प्रथिनासाठी बरोबर उत्तर म्हणजे काय? त्याचे मार्क द्यायचे कसे? मला काही सुचलं नाही. ते म्हणाले, त्यांनाही सुचत नाहीये, आणि हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की जणू कुणीतरी त्यांना भेट दिली होती.

नाहूरकडची बस पलीकडून मिळायची. ते रस्ता ओलांडून स्टॉपवर जाऊन उभे राहिले आणि माझा फोन वाजला. समोर बघितलं तर तेच, फोन कानाला लावून. म्हणाले, एकच आकार मागणंच चूक आहे, पन्नास आकार मागायचे आणि ते सगळे मिळून प्रयोगाशी जुळतात का ते बघायचं, जेनेटला सांग, नाही, थांब, मीच सांगतो, पण तू आधी मला सांग यात काय चुकतंय. मी रस्त्याच्या या बाजूला उभी राहून काय चुकतंय ते सांगायला लागले. मधून ट्रक जात होते. ट्रक गेला की सर दिसायचे, रिकाम्या हाताने हवेत काहीतरी वळवत असलेले, मान जोरजोरात हलवून माझं म्हणणं खोडत असलेले. त्यांची बस आली, थांबली आणि निघून गेली. पलीकडे सर तसेच उभे होते, अजून बोलत.